एलियस दिलाय, तरी 'कॉलम सापडत नाही': एसक्यूएलमधली नेहमीची अडचण

क्वेरी दिसायला सरळ असते. सिलेक्टमध्ये गुणाकार केला, त्याला नाव (म्हणजेच एलियस) दिलं आणि खाली व्हेअरमध्ये त्याच नावावर अट घातली. डेटाबेस म्हणतो, असा कॉलमच नाही.

उदाहरणाला मोंढ्यातल्या आडत दुकानाचं टेबल घेऊ. नाव 'पट्ट्या'. एका शेतकऱ्याच्या एका मालाची एक पट्टी म्हणजे एक ओळ. कॉलम असे: पट्टी_क्र, शेतकरी, जिल्हा, तालुका, माल, क्विंटल, दर, हमाली, तोलाई, वेळ. खालच्या क्वेरींमधले कीवर्ड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना कीवर्ड आणि आकडे इंग्रजीतच टाका.

```
सिलेक्ट पट्टी_क्र, शेतकरी, क्विंटल * दर ॲज रक्कम
फ्रॉम पट्ट्या
व्हेअर रक्कम > ५००००;
```

१८.५० क्विंटल सोयाबीन ४,४५० च्या दराने गेलं, तर रक्कम ८२,३२५. ही ओळ यादीत यायलाच हवी. पण यादी येतच नाही, एरर येते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत ती १०५४ क्रमांकाची, 'अननोन कॉलम' म्हणणारी. पोस्टग्रेस 'कॉलम डझ नॉट एक्झिस्ट' म्हणतं, त्याचा कोड ४२७०३. एसक्यूएल सर्व्हर २०७ क्रमांकाने 'इनव्हॅलिड कॉलम नेम' दाखवतो आणि ओरॅकल ओआरए-००९०४. शब्द वेगळे असले तरी दुखणं एकच.

असं का होतं

क्वेरी आपण सिलेक्टपासून लिहायला लागतो, पण तिचा अर्थ त्या क्रमाने लावला जात नाही. आधी फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग. सिलेक्टची पाळी त्यानंतर. सिलेक्टच्या मागून डिस्टिंक्ट, ऑर्डर बाय आणि सगळ्यात शेवटी लिमिट. 'रक्कम' हे नाव सिलेक्टमध्ये ठेवलं जातं, म्हणून व्हेअरमध्ये ते वापरणं म्हणजे बारशाच्या आधीच बाळाला नावाने हाक मारणं. हाकेला ओ कोण देणार?

हा क्रम अर्थाचा आहे, कामाचा नाही. आतमध्ये ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ओळी कशाही क्रमाने वाचू शकतो, त्याला ती मुभा आहे. पण कोणतं नाव कुठे दिसेल याचे नियम वरच्या क्रमावरून ठरलेले आहेत. त्यामुळे 'डेटाबेस हुशार आहे, समजून घेईल' ही अपेक्षा इथे चालत नाही.

यात प्रत्येक डेटाबेसने आपापली थोडी सूट दिली आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एका ठिकाणी चाललेली क्वेरी दुसरीकडे नेली की अडते.

| डेटाबेस | व्हेअर | ग्रुप बाय | हॅविंग | ऑर्डर बाय |
|---|---|---|---|---|
| मायएसक्यूएल, मारियाडीबी | नाही | चालतं | चालतं | चालतं |
| पोस्टग्रेस | नाही | चालतं | नाही | चालतं |
| एसक्यूएल सर्व्हर | नाही | नाही | नाही | चालतं |
| ओरॅकल १९सी, २१सी | नाही | नाही | नाही | चालतं |
| एसक्यूलाइट | चालतं | चालतं | चालतं | चालतं |

ओरॅकलने २३एआय आवृत्तीपासून ग्रुप बाय आणि हॅविंगमध्ये एलियस चालवून घेतला आहे. एसक्यूलाइटची ढिलाई मात्र शिकणाऱ्याला महागात पडते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तिच्यावर सगळं चालतं आणि कामाच्या ठिकाणी पोस्टग्रेस समोर आलं की तीच क्वेरी लाल होते.

ऑर्डर बायमध्ये आणखी एक गोम आहे. नुसतं नाव दिलं तर ते सगळीकडे चालतं, पण त्या नावावर गणित केलं, म्हणजे 'ऑर्डर बाय रक्कम - हमाली' असं लिहिलं, तर पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर पुन्हा 'कॉलम नाही' म्हणतात. केसमध्ये (अटीनुसार किंमत देणाऱ्या रचनेत) गुंडाळला तरी तेच. मायएसक्यूएलला ते चालतं.

आणि सिलेक्टमधलाच एलियस त्याच सिलेक्टमध्ये पुढे वापरणं, म्हणजे आधी 'रक्कम' ठरवून पुढच्या स्वल्पविरामानंतर 'रक्कम - हमाली' लिहिणं, हे मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल या चौघांनाही मान्य नाही. स्नोफ्लेक आणि रेडशिफ्ट या डेटाबेसांवर ते चालतं. तिथून आलेली क्वेरी इथे चिकटवली की याच जागी अडते.

दुरुस्ती: आधी अटीकडे नीट बघा

कोणताही उपाय करण्याआधी एकच प्रश्न. ही अट एलियसवर घालायची खरंच गरज आहे का? पुष्कळदा नसते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाच्या खाली गेलेल्या पट्ट्या काढायच्या, तर लोक असं लिहितात:

```
सिलेक्ट पट्टी_क्र, ४८९२ - दर ॲज तूट
फ्रॉम पट्ट्या
व्हेअर माल = 'सोयाबीन' अँड तूट > ०;
```

'तूट शून्यापेक्षा जास्त' आणि 'दर ४८९२ पेक्षा कमी' यांत फरक काहीच नाही. व्हेअरमध्ये 'दर < ४८९२' लिहा. एरर गेली, आणि दरावर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असेल तर तो वापरता येण्याची सोयही राहिली. वजाबाकी तशीच व्हेअरमध्ये नेली असती, तर कॉलम गणिताच्या पोटात अडकला असता आणि साधा इंडेक्स वाया गेला असता.

वर्षाचंही तसंच. वेळेतून वर्ष काढून त्याला 'वर्ष' हा एलियस द्यायचा, आणि एरर आली की व्हेअरमध्ये तेच फंक्शन पुन्हा लिहायचं, ही सवय फार दिसते. क्वेरी चालते, पण लाखभर ओळींच्या टेबलावर रडते. त्यापेक्षा 'वेळ >= २०२४-१०-०१ अँड वेळ < २०२५-१०-०१' अशा दोन टोकांची अट लिहा, तारखा एकेरी अवतरणात घालून. हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरायचा असेल तर नुसतं वर्ष तसंही कामाचं नाही.

अट एलियसवरच हवी असेल तर

सगळ्यात सोपं म्हणजे गणित पुन्हा लिहिणं: 'व्हेअर क्विंटल * दर > ५००००'. एका गुणाकारापुरतं हे अगदी योग्य आहे, त्यासाठी सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) कशाला? डेटाबेस ते दोनदा मोजेल ही भीतीही इथे धरायचं कारण नाही, एका गुणाकाराला पैसे पडत नाहीत.

गणित मोठं झालं की मात्र हा उपाय दगा देतो. निव्वळ रक्कम म्हणजे गुणाकारातून हमाली आणि तोलाई वजा. काही पट्ट्यांवर हमालीचा रकाना रिकामा, म्हणजे नल असतो. कोणीतरी सिलेक्टमध्ये शहाणपणाने 'कोअलेस(हमाली, ०)', म्हणजे नल असेल तर शून्य धर, असं घालतो, पण व्हेअरमधली प्रत तशीच राहते. नल वजा केला की सगळं गणितच नल होतं, नलची तुलना खरी ठरत नाही, आणि हमाली न लिहिलेल्या सगळ्या पट्ट्या यादीतून गुपचूप गळतात. एरर नाही, इशारा नाही. १८.५० क्विंटलच्या त्या पट्टीवर हमाली-तोलाई मिळून ३४० असेल तर निव्वळ ८१,९८५ यायला हवेत. हमालीचा रकाना रिकामा राहिला तर ती पट्टीच दिसत नाही. म्हणून गणितात दोनपेक्षा जास्त कॉलम आले की ते एकाच जागी राहील असं बघा.

एका जागी ठेवायचा सर्वांत चालू उपाय म्हणजे फ्रॉममधली सबक्वेरी. नाव आत ठेवायचं, अट बाहेर घालायची:

```
सिलेक्ट पट्टी_क्र, शेतकरी, निव्वळ
फ्रॉम (
  सिलेक्ट पट्टी_क्र, शेतकरी,
         क्विंटल * दर - कोअलेस(हमाली, ०)
                      - कोअलेस(तोलाई, ०) ॲज निव्वळ
  फ्रॉम पट्ट्या
) हिशोब
व्हेअर निव्वळ > ५००००;
```

यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. कंसानंतरचं 'हिशोब' हे नाव विसरलात तर मायएसक्यूएल १२४८ ची एरर देतं. पोस्टग्रेसलाही १५ व्या आवृत्तीपर्यंत ते नाव लागायचंच, १६ पासून नाही दिलं तरी चालतं. ओरॅकलमध्ये उलटी गंमत आहे: टेबलाच्या किंवा सबक्वेरीच्या एलियसआधी 'ॲज' लिहिलेलं त्याला खपत नाही, कॉलमच्या आधी मात्र चालतं. सगळीकडे चालावं म्हणून वरच्या क्वेरीत 'हिशोब'च्या आधी 'ॲज' टाकलेला नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आतल्या सबक्वेरीत टॉप न लावता ऑर्डर बाय ठेवलं की १०३३ क्रमांकाची एरर येते. ऑर्डर बाय बाहेर काढा. आतल्या गणिताला नाव द्यायचं राहिलं तर तोच सर्व्हर ८१५५ दाखवतो.

तेच काम 'विथ' लावून वर लिहिलं की वाचायला सोपं जातं:

```
विथ हिशोब ॲज (
  सिलेक्ट पट्टी_क्र, तालुका, क्विंटल * दर ॲज रक्कम
  फ्रॉम पट्ट्या
)
सिलेक्ट तालुका, सम(रक्कम) ॲज एकूण
फ्रॉम हिशोब
व्हेअर रक्कम > ५००००
ग्रुप बाय तालुका
हॅविंग सम(रक्कम) > १००००००;
```

मायएसक्यूएलमध्ये विथ ८.० पासून आहे. ५.७ वर अजून बरीच जुनी सॉफ्टवेअर चालतात, तिथे कंसातली सबक्वेरीच वापरा. वेगाचं म्हणाल तर साध्या गणिताची सबक्वेरी आजचे डेटाबेस बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतात, वेगळा भार पडत नाही. अपवाद जुन्या पोस्टग्रेसचा. १२ व्या आवृत्तीच्या आधी विथमधला भाग नेहमी स्वतंत्र, पूर्ण चालवला जायचा आणि बाहेरची अट आत उतरत नसे. त्या आवृत्तीवर मोठ्या टेबलाला विथ लावलात तर तारखेची अट आतच ठेवा.

एका एलियसवर दुसरा, त्यावर तिसरा अशी उतरंड असेल तर लॅटरल (आधीच्या टेबलाचे कॉलम वापरू शकणारी फ्रॉममधली सबक्वेरी) बघा. सबक्वेरीत सबक्वेरी घालण्यापेक्षा हे नीट वाचता येतं:

```
सिलेक्ट प.पट्टी_क्र, र.रक्कम, न.निव्वळ
फ्रॉम पट्ट्या प
क्रॉस जॉइन लॅटरल (सिलेक्ट प.क्विंटल * प.दर ॲज रक्कम) र
क्रॉस जॉइन लॅटरल (सिलेक्ट र.रक्कम - कोअलेस(प.हमाली, ०)
                                  - कोअलेस(प.तोलाई, ०) ॲज निव्वळ) न
व्हेअर न.निव्वळ > ५००००
ऑर्डर बाय न.निव्वळ - र.रक्कम;
```

इथे नावं फ्रॉममध्येच जन्माला येतात, म्हणून व्हेअर, ग्रुप बाय, ऑर्डर बायमधलं गणित, सगळीकडे दिसतात. पोस्टग्रेसमध्ये हे ९.३ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून. मारियाडीबी मायएसक्यूएलसारखीच आहे असं समजून तिथे हे बिनधास्त चिकटवू नका, आधी आपली आवृत्ती तपासा. एसक्यूएल सर्व्हरवर 'क्रॉस जॉइन लॅटरल' ऐवजी 'क्रॉस अप्लाय' लिहायचं, बाकी तसंच.

तेच गणित दहा रिपोर्टांत लागत असेल तर क्वेरी सोडा आणि टेबलालाच जनरेटेड कॉलम (गणिताने आपोआप भरणारा) द्या, नाहीतर व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करा. 'रक्कम' मग एलियस उरत नाही, खरा कॉलम होतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ५.७ पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये १२ पासून.

एक सल्ला इंटरनेटवर फार फिरतो: 'व्हेअर काढा, हॅविंग टाका, चालतं.' मायएसक्यूएलवर चालतंही. पण हॅविंगची अट ओळी वाचून झाल्यावर लागते, त्यामुळे तालुक्याची किंवा तारखेची अटही त्याच्या सोबत हॅविंगमध्ये सरकवली की इंडेक्सला काही काम उरत नाही आणि पूर्ण टेबल वाचलं जातं. वर ती क्वेरी पोस्टग्रेसवर चालणार नाही. हॅविंग बेरीज-सरासरीच्या अटींसाठी राहू द्या.

एरर येत नाही, आकडा चुकतो

खरा धोका पुढे आहे. एरर आली तर माणूस थांबतो, शोधतो. एलियसचं नाव टेबलातल्या एखाद्या कॉलमशी जुळलं की एररच येत नाही. डेटाबेस आपल्या मनातलं सोडून दुसरंच काहीतरी उचलतो आणि मुकाट्याने आकडे देतो.

मराठवाड्यातल्या जवळपास कोणत्याही जुन्या डेटात हे पाहायला मिळेल. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. टेबलात आधीच्या ओळी जुन्या नावाने, नंतरच्या नव्या नावाने. रिपोर्टात एकच नाव यावं म्हणून केस लावला:

```
सिलेक्ट
  केस जिल्हा
    व्हेन 'उस्मानाबाद' देन 'धाराशिव'
    व्हेन 'औरंगाबाद' देन 'छत्रपती संभाजीनगर'
    एल्स जिल्हा
  एंड ॲज जिल्हा,
  सम(क्विंटल) ॲज एकूण
फ्रॉम पट्ट्या
ग्रुप बाय जिल्हा
ऑर्डर बाय जिल्हा;
```

उत्तर असं येतं:

```
छत्रपती संभाजीनगर |  ४१२.५०
छत्रपती संभाजीनगर |   ९७.००
धाराशिव           | १८४०.००
धाराशिव           | २६१५.५०
लातूर             | ७२३०.२५
```

धाराशिव दोनदा. एकत्र ४४५५.५० यायला हवे होते. ग्रुप बायमध्ये 'जिल्हा' लिहिलं की आधी टेबलातला कॉलम शोधला जातो, एलियस नंतर. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांचाही हा नियम आहे. एसक्यूएल सर्व्हर आणि जुनं ओरॅकल तर तिथे एलियस बघतच नाहीत. त्यामुळे गट पडले जुन्या नावांचे, आणि पाटी लागली नव्या नावाची. ऑर्डर बायमध्ये नियम बरोबर उलटा, आधी एलियस, मग कॉलम. म्हणून दोन्ही धाराशिव एकाखाली एक येऊन बसले. एका क्वेरीत एकच शब्द, दोन ओळींत दोन अर्थ.

ही यादी कोणी एक्सेलमध्ये नेऊन व्हीलुकअप लावला, तर त्याला पहिला जुळणारा धाराशिव मिळतो, १८४०.००, आणि दुसरा कायमचा नजरेआड होतो. शिवाय त्याच क्वेरीत 'व्हेअर जिल्हा = धाराशिव' अशी अट घातली तर फक्त नव्या नावाच्या ओळी येतील, २६१५.५० दाखवतील, आणि उस्मानाबाद नावाने पडलेल्या सगळ्या पट्ट्या बाहेर राहतील. तीन ठिकाणी तीन आकडे, तिन्ही एररविना.

मायएसक्यूएल अशा वेळी १०५२ क्रमांकाचा इशारा देतं खरा, पण शो वॉर्निंग्ज चालवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि पीएचपीतून क्वेरी चालवणारा तो कधी बघत नाही.

उपाय साधा आहे आणि त्यात सूट देऊ नये: कॉलमची किंमत बदलली की नावही बदला. 'चालू_जिल्हा' म्हणा आणि ग्रुप बायमध्येही तेच लिहा. मायएसक्यूएल-पोस्टग्रेसवर काम झालं. एसक्यूएल सर्व्हरवर सबक्वेरीत टाका किंवा पूर्ण केस ग्रुप बायमध्ये उतरवा. 'ग्रुप बाय १' असा क्रमांकही पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलला चालतो आणि त्यात नावाचा घोळ होत नाही, पण उद्या सिलेक्टमध्ये पुढे एक कॉलम घुसला की गट बदलतात. एकदाच बघायच्या क्वेरीला ठीक, साठवून ठेवायच्या रिपोर्टाला नको. आणि खरं औषध तर जुन्या-नव्या नावांचं छोटं टेबल करून जॉइन करणं. तालुक्यांच्या शुद्धलेखनाचे घोळही त्यातच मिटतात.

हाच फास तारखेला लागतो. 'कास्ट(वेळ ॲज डेट) ॲज वेळ' लिहून 'ग्रुप बाय वेळ' केलं की दिवसाची आवक मिळत नाही, प्रत्येक मिनिट-सेकंदाचा वेगळा गट पडतो. आणि वेळ दिवस-महिना-वर्ष अशा मजकुरात बदलून पुन्हा 'वेळ' हेच नाव दिलं, तर ऑर्डर बाय तो मजकूर लावतं: ०१-११-२०२४ ही तारीख ०५-१०-२०२४ च्या आधी येते, कारण अक्षरांच्या हिशोबात ०१ लहान. टेबलाला 'प' नाव देऊन 'ऑर्डर बाय प.वेळ' लिहा. पुढे टेबलाचं नाव जोडलं की तिथे एलियस येऊच शकत नाही. डिस्टिंक्ट असेल तर मात्र हे पोस्टग्रेसला चालणार नाही, मूळ कॉलमही सिलेक्टमध्ये घ्यावा लागेल.

रो नंबर आणि त्याचे भाऊबंद

प्रत्येक तालुक्यातली सर्वांत जास्त दराची पट्टी हवी. रो नंबर (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) लावून 'क्रम' हा एलियस दिला आणि 'व्हेअर क्रम = १' लिहिलं. एरर. इथे गणित पुन्हा लिहिण्याचा उपायही नाही, कारण रो नंबरसारखं विंडो फंक्शन व्हेअरमध्ये मुळातच बसत नाही. ते व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग झाल्यावर उरलेल्या ओळींवर चालतं. मायएसक्यूएल यासाठी ३५९३ दाखवतं. सबक्वेरी किंवा विथ, दुसरा रस्ता नाही:

```
सिलेक्ट * फ्रॉम (
  सिलेक्ट तालुका, पट्टी_क्र, दर,
         रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय तालुका
                         ऑर्डर बाय दर डेस्क, पट्टी_क्र) ॲज क्रम
  फ्रॉम पट्ट्या
  व्हेअर माल = 'तूर'
) क
व्हेअर क्रम = १;
```

मालाची अट आत आहे, ती बाहेर नेऊ नका. बाहेर नेली तर क्रम सगळ्या मालांत मिळून लागेल आणि ज्या तालुक्यात दुसऱ्या एखाद्या मालाचा दर तुरीपेक्षा चढा होता तो तालुका यादीतून नाहीसा होईल. शेवटी पट्टी_क्र जोडलाय तो दर सारखा निघाला तरी उत्तर दर वेळी तेच यावं म्हणून. दोन्ही पट्ट्या हव्या असतील तर तो काढा आणि रो नंबरच्या जागी रँक लावा. स्नोफ्लेक, टेराडेटा, बिगक्वेरी वापरणाऱ्यांना विंडो फंक्शनवर अट घालायला क्वालिफाय हा क्लॉज आहे, त्यांना सबक्वेरी लागत नाही.

बेरजेच्या एलियसचंही तसंच: 'व्हेअर एकूण > १०००' मध्ये नावाच्या जागी 'सम(क्विंटल)' टाकलं की मायएसक्यूएल ११११ देतं. ती अट हॅविंगची.

अवतरण, स्वल्पविराम आणि अक्षरं

एरर आल्यावर नावाला अवतरण चिन्ह लावून बघायचा मोह आवरा. 'ऑर्डर बाय' पुढे एकेरी अवतरणात नाव टाकलं की तो कॉलम राहत नाही, नुसता शब्द होतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर त्यावर निदान एरर देतात. मायएसक्यूएल काहीच बोलत नाही, फक्त यादी लागत नाही. आणि व्हेअरमध्ये एकेरी अवतरणातली 'रक्कम' ५०००० शी ताडली तर मायएसक्यूएल त्या शब्दाची किंमत शून्य धरतं आणि उत्तरात एकही ओळ येत नाही. एरर गेली म्हणून आनंद नको. एलियसमध्ये जागा सोडायची असेल तर मायएसक्यूएलला उलटं अवतरण, म्हणजे बॅकटिक, पोस्टग्रेस-ओरॅकलला दुहेरी अवतरण आणि एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस. जागेऐवजी खालची रेघ वापरली की हे सगळं टळतं.

पोस्टग्रेसमध्ये रोमन एलियस मोठ्या अक्षराने सुरू करून दुहेरी अवतरणात दिला, तर ऑर्डर बायमध्येही तो अवतरणासकटच लिहा. अवतरणाविना लिहिलेलं नाव तो लहान अक्षरांत करून शोधतो.

'सिलेक्ट तालुका दर फ्रॉम पट्ट्या' यात स्वल्पविराम राहिला आहे. 'ॲज' ऐच्छिक असल्यामुळे 'दर' हा तालुक्याचा एलियस होतो आणि दराच्या रकान्यात औसा, निलंगा, उदगीर दिसायला लागतात. 'ॲज' नेहमी लिहायची शिस्त ठेवली की अशी ओळ डोळ्यांना लगेच खटकते.

युनियनमध्ये नावं पहिल्या सिलेक्टची धरली जातात. दुसऱ्या सिलेक्टमधला एलियस शेवटच्या ऑर्डर बायमध्ये वापरलात तर तो सापडत नाही, यात डेटाबेसची चूक नाही.

देवनागरी नावं वापरणाऱ्यांसाठी खास एक. 'शेतकऱ्याची_रक्कम' मधला ऱ्या दोन कीबोर्डांवर दोन प्रकारे उमटू शकतो: एकात ऱ हे एकच युनिकोड अक्षर, दुसऱ्यात र आणि खाली वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब). पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळी नावं. आत एका कीबोर्डवर टाइप केलेलं नाव बाहेर दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलं की 'कॉलम नाही', आणि कितीही टक लावून बघितलं तरी चूक दिसत नाही. नाव पुन्हा टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा. किंवा एलियसमध्ये ऱ आणि जोडाक्षरं टाळा.

कोणतं नाव उचललं, ते तपासायचं कसं

संशय असलेला एलियस तात्पुरता टेबलात कुठेच नसलेल्या नावाने बदला, समजा 'झझझ', पण ग्रुप बायमधलं नाव तसंच राहू द्या. उत्तर पूर्वीसारखंच आलं तर ग्रुप बाय आजवर टेबलातला कॉलमच वापरत होतं. आता ग्रुप बायमध्येही 'झझझ' लिहा. ओळी कमी झाल्या, तर आधीचा रिपोर्ट चुकीचा होता.

पोस्टग्रेसवर याहून थेट सोय आहे. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावा आणि 'ग्रुप की' ही ओळ बघा. तिथे नुसतं 'जिल्हा' असेल तर मूळ कॉलम, पूर्ण केस छापलेला असेल तर एलियस. मायएसक्यूएलवर एक्सप्लेन चालवून लगेच शो वॉर्निंग्ज चालवा. डेटाबेसने मनाशी पुन्हा लिहिलेली क्वेरी तिथे दिसते, आणि प्रत्येक नावाच्या जागी त्याने खरोखर काय धरलं तेही.